पाणी कुठं अडते

परसराम रामटेके जवाहरनगरच्या फॅक्टरीत तेहतीस वर्षं फिटर होते. तेवढ्या वर्षांत मशिनींच्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान गेले, आणि त्यांची एकुलती एक लेक भावना गणितात डॉक्टर झाली.

तिला चेन्नईच्या संस्थेत पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी तिच्या विषयाचं नाव एका चिठ्ठीवर मराठीत लिहून घेतलं. फॅक्टरीच्या बसमध्ये कोणी विचारलं, "पोरगी कायचं शिकते जी?" की ते खिशातून चिठ्ठी काढून वाचून दाखवत. 'आकारांमधल्या छिद्रांचं गणित.' बसमधले लोक मान डोलावत. एकदा मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "छिद्राचं शिकाव कायले लागते? आपन तं रोजच पाडतो." सगळी बस हसली. परसरामही हसले, कारण त्यांना ते नीट ऐकूच आलं नव्हतं.

चेन्नईची सहा वर्षं भावनाने एकाच प्रश्नाशी काढली. एखादा आकार ताणला, दाबला, वाकवला, तरी त्यातली कोणती छिद्रं, कोणते खळगे टिकून राहतात आणि कोणते नुसते भास असतात, हे ओळखायचं कसं, असा तो प्रश्न. तिचा प्रबंध पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली माणसं जगात फार तर चार असतील. त्यातले एक तिचे सर. ते कमी बोलायचे. तिने फळ्यावर लिहिलेल्या ओळींकडे अर्धा अर्धा तास बघत उभे राहायचे आणि शेवटी एवढंच म्हणायचे, "पाचवी ओळ पुन्हा बघ." पण त्या अर्ध्या तासात दुसरं एक माणूस तेच बघत असायचं, जे ती बघत होती. भावनाला तेवढी सोबत पुरायची. तिने तोवर दुसरी सोबत शोधलीही नव्हती.

पदवी हातात आली आणि ती सोबत संपली. सर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. भावनाने प्राध्यापकीच्या जागांसाठी अर्ज केले, दोन वर्षं मुलाखती दिल्या. कुठे कुठे तर आत बोलावण्याआधी, बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्याच कळायचं की ही जागा कोणाची आहे. शेवटी ती घरी परत आली. तोवर परसराम रिटायर झाले होते, फॅक्टरीचं क्वार्टर सोडून त्यांनी भंडाऱ्यात खात रोडला घर बांधलं होतं. भावना एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. हजेरीपटावर साठ नावं असायची आणि समोर नऊ-दहा मुलं. त्यातली दोन-तीन खिडकीतून आपल्या मोटारसायकलीवर लक्ष ठेवून असायची.

बत्तिसाव्या वर्षी तिने डेटा सायन्स शिकायला घेतलं. शेजारच्या निर्मलाबाईंनी तिच्या आईला, लीलाबाईंना विचारलं, "अजून शिकूनच राहिली का तुमची पोरगी?" लीलाबाईंनाही तेच विचारायचं होतं.

शिकणं जड गेलं नाही. जड गेलं ते जुनं वळण सोडणं. गणितात एखादी गोष्ट खरी असते नाही तर नसते, अधलंमधलं काही चालत नाही. इथे शंभरातली नव्वद उत्तरं बरोबर आली की लोक एकमेकांचं अभिनंदन करत. पहिले काही महिने भावना त्या उरलेल्या दहांपाशी अडून राहायची. मुलाखतींतही तेच व्हायचं. तिच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान मुलगा पडद्यावर साधा प्रश्न विचारायचा, ती व्याख्येपासून सुरुवात करायची, आणि त्याचे डोळे दुसऱ्या कुठल्या खिडकीकडे वळलेले तिला दिसायचे. "मॅम, तुमचं प्रोफाइल आमच्यासाठी जरा जास्तच थिऑरेटिकल आहे." हे वाक्य तिने इतक्या आवाजांत ऐकलं की ते सुरू व्हायच्या आधीच तिला त्याचा वास यायला लागला. मग ती हळूहळू शिकली. उत्तर आधी द्यायचं, कारण विचारलं तरच सांगायचं. चौदा महिन्यांनी पुण्याच्या एका लहान कंपनीने तिला घेतलं. काम घरूनच करायचं होतं. गटप्रमुख धर्मेंद्र मूळचा नागपूरचा. तिच्याहून सहा वर्षांनी लहान, स्वभावाने भला आणि कायम घाईत.

अशी भावना खात रोडच्या घरात वरच्या खोलीत बसायला लागली. सकाळी दहाला मीटिंग. पडद्यावर सात चौकटी, त्यातल्या पाच काळ्या, फक्त नावं लिहिलेली. वीस मिनिटांत मीटिंग संपायची आणि मग दिवसभर किबोर्डचा आवाज. दुपारी लीलाबाई जिन्याखालून हाक मारायच्या, "जेवाले ये वं." जेवताना परसराम विचारायचे, "कसं चाललं काम?" कानाचं मशीन ते कपाटात ठेवून द्यायचे, त्याने डोक्यात गोंगाट होतो म्हणून. भावना मोठ्याने म्हणायची, "चांगलं." ते म्हणायचे, "हं." एखाद्या दिवशी तिला वाटायचं, आज बाबांना सांगावं की काय अडलंय, कुठे अडलंय. पण जे हळू आवाजातही कोणाला समजावता येत नाही, ते ओरडून कसं सांगणार? ती आमटी वाढून घ्यायची.

दिवाळीनंतर नवं काम आलं. उपग्रहाच्या फोटोंवरून तलाव मोजायचे. पूर्व विदर्भातले काही तालुके निवडलेले होते. जमीनदारांच्या काळातले जुने मालगुजारी तलाव, बोड्या म्हणजे गावागावांतली लहान तळी, सगळ्यांची यादी करायची. कुठले तलाव गाळाने भरलेत ते या यादीवरून पुढे ठरणार होतं. मॉडेल आधीच तयार होतं. दुसऱ्या राज्यात ते चांगलं चाललं होतं. भावनाकडे नुसती तपासणी. पहिल्या यादीत पवनी तालुका होता. आपल्याच मुलखाचं काम आपल्याला आलं म्हणून तिला उगीच बरं वाटलं. ते सांगायला ती खालीही गेली. "आई, पवनीकडचे तलाव मोजून राहिली मी." लीलाबाई म्हणाल्या, "बरं हाये," आणि कुकरची शिट्टी झाली.

लीलाबाईंचं माहेर पवनीच्या पलीकडे, कन्हारटोली नावाचं गाव. भावनाने नकाशावर सहज ते गाव शोधलं. घरं दिसली, रस्ता दिसला. गावाच्या उगवतीला गोसाव्याची बोडी असायला हवी होती. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत भैयाजीमामा तिला तिथे न्यायचा. त्या बोडीतच ती पोहायला शिकली होती, आणि एकदा बुडतानाही वाचली होती. यादीत ती बोडी नव्हती. मॉडेलने त्या जागेवर स्वच्छ लिहिलं होतं: शेत.

तिने दहाच्या मीटिंगमध्ये हे सांगितलं.

"एखादा सुटणारच ना मॅडम," धर्मेंद्र म्हणाला. "ऍक्युरसी किती आहे?"

"चौऱ्याण्णव."

"मग? क्लायंटने नव्वद मागितलीय. आपण पुढे जाऊ."

"सहा टक्के कुठले चुकतात ते बघायला हवं. ते जर सगळे एकाच प्रकारचे असतील तर—"

"बघा ना, नक्की बघा. पण तारीख जानेवारीच्या शेवटची आहे, तेवढं धरून."

बाकीच्या चौकटी काळ्याच होत्या. कोणाला काही म्हणायचं आहे का हे कळायला मार्ग नव्हता.

रविवारी सकाळी भावनाने डबा बांधला आणि बसस्टँडवर जाऊन पवनीची एसटी पकडली. लीलाबाईंनी विचारलं, "तिथं कोन हाये आता आपलं?" मामा जाऊन सहा वर्षं झाली होती, मामी मुलीकडे नागपूरला असायची. "कोनी नाही," भावना म्हणाली. "बोडी पाहून येतो."

अड्याळ मागे पडलं तशी दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांची, म्हणजे खाचरांची, रांग लागली. मधे मधे धानाचे पुंजणे रचून ठेवलेले. काही बांध्यांत लाखोळीचं कडधान्य उगवून आलं होतं. पवनीहून ती ऑटोने फाट्यापर्यंत गेली आणि तिथून चालत निघाली. गावात तिला कोणी ओळखलं नाही. शाळेच्या भिंतीपाशी बसलेल्या बायकांनी बोलणं थांबवून तिच्याकडे बघितलं, ती पुढे गेल्यावर पुन्हा बोलायला लागल्या.

बोडी जिथे होती तिथे फिक्या जांभळ्या फुलांचं रान माजलं होतं. या काठापासून त्या काठापर्यंत बेशरमाची झुडपं. माणसाच्या वर उंच वाढलेली. एका कोपऱ्यात तेवढं खाटेएवढं पाणी उघडं होतं आणि काठच्या मातीच्या पाळीवर एक म्हातारा माणूस मांडीवर जाळं घेऊन त्याची भोकं विणत बसला होता.

"कोन पाह्यजे?" त्याने विचारलं.

"कोनी नाही. बोडी पाहाले आली."

"बोडी?" त्याने जाळं बाजूला ठेवलं. "तू कोनाची?"

"भैयाजी मेश्रामाची भाची. लीलाबाईची मुलगी."

"लीलाची पोर!" म्हातारा उठूनच उभा राहिला. "मंग तं माही बी भाचीच झाली तू. भैयाजी अन मी एका वर्गात होतो, चौथीपर्यंत. बस, बस. इथं बस, थे दगड साफ हाये."

त्याचं नाव देवाजी. जातीने ढिवर, मच्छीमार संस्थेचा जुना सभासद. आता या बोडीत मासोळी राहिली नव्हती, तरी रोज इथे येऊन बसायची त्याला सवय होती. त्याची बायको सुंदरबाई मागच्या वर्षी वारली. घरी मुलगा-सून होते, पण दोघं पहाटेच कामावर निघून जायचे. "घरी बसून का करू? इथं निदान बगळे येते," तो म्हणाला.

भावनाने त्याला फोनवर नकाशा दाखवला. "मामा, आम्ही तलाव मोजून राहिलो. वरून फोटो काढते, मंग मशीन सांगते इथं तलाव हाये का वावर हाये."

"मंग इथं का म्हनते?"

"वावर."

देवाजी खोकला येईपर्यंत हसला. "बेसरम पाहून म्हनत असंन! चार साल झाले, पुरी बोडी खाल्ली त्यानं. वरतून हिरवंगार दिसते." मग हातातली सुई पाळीच्या मातीत खोचून तो म्हणाला, "पन वरतून रंग कायले पाहाव लागते? पाणी कुठं अडते थे पाहाव ना. बेसरम उगो का लाखोळी पेरो, पाणी आलं का इथंच अडन. बांधीतलं पाणी वीतभर चढलं का धुऱ्यावरून चाललं जाते. बोडीतलं नाही जात. चढन तितकं चढन, अन अडूनच राह्यते. थेच बोडी."

भावना वहीत काहीतरी लिहीत होती. तिचा हात थांबला.

ती समोरच्या जांभळ्या फुलांकडे बघत होती, पण तिला दिसत होती ती नुसती जमीन. बेशरम नसलेली, रंग नसलेली, फक्त उंचसखल. त्या जमिनीवर मनातल्या मनात पाणी चढवत न्यायचं. आधी सगळ्यात खोल जागा भरतील. मग वरच्या. प्रत्येक बांधी भरेल आणि लगेच धुरा, म्हणजे तिचा बांध, ओलांडून शेजारच्या बांधीत मिसळून जाईल, म्हणजे वेगळा खळगा म्हणून संपेल. पण काही खळगे संपणार नाहीत. पाणी वीतभर चढो, हातभर चढो, पुरुषभर चढो, पाळीच्या आड ते वेगळेच राहतील. जे जास्त काळ टिकेल ते खरं, जे लगेच मिटेल तो भास. सहा वर्षं तिने हेच तर केलं होतं. शेवटच्या प्रकरणातलं प्रमेय, सरांनी ज्याची पाचवी ओळ तिच्याकडून चार वेळा लिहून घेतली होती, ते जसंच्या तसं या पाळीवर बसत होतं. रंगाची गरजच नव्हती. नुसत्या उंचीवरून प्रत्येक बोडी सापडली असती.

तिला ओरडावंसं वाटलं.

"का झालं?" देवाजीने विचारलं.

"काही नाही मामा. तुमी बरोबर सांगितलं."

"थ्यात का हाये? हे तं आमाले मालूमच हाये," म्हणत त्याने पुन्हा जाळं मांडीवर घेतलं.

ती पाळीवरून थोडी पुढे, पळसाच्या झाडापर्यंत चालत गेली आणि तिने सरांना फोन लावला. तीन वर्षांत तिने तो लावला नव्हता. नोकरीचं काही सांगण्यासारखं नव्हतं, आणि गणित सोडलं हे सांगायची लाज होती. फोन त्यांच्या सूनबाईंनी उचलला. सरांना मागच्या पावसाळ्यात पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ऐकू येतं असं डॉक्टर म्हणतात, पण कितपत कळतं ते कोणी सांगू शकत नाही. "तुम्हाला बोलायचं असेल तर मी फोन त्यांच्या कानाशी धरते," सूनबाई म्हणाल्या.

भावना बोलली. आधी तब्येतीबद्दल दोन वाक्यं, मग एकदम गणित. जमीन म्हणजे फलन, पाणी म्हणजे चढती पातळी, बोडी म्हणजे टिकणारा खळगा. पाचव्या ओळीतली अट इथे कशी आपोआप पुरी होते, कारण पाळ माणसाने बांधलेली असते आणि ती धुऱ्यापेक्षा नेहमीच उंच असते. ती दहा-बारा मिनिटं बोलत राहिली, झाडाभोवती फेऱ्या मारत. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, सावकाश, थोडा घरघरता. बोलायचं संपलं तेव्हा ती थांबली. श्वास तसाच चालू होता. तिने वाट पाहिली.

मग सूनबाईंचा आवाज आला. "त्यांचे डोळे उघडे आहेत," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "आणखी काही सांगायचंय का?"

"नाही," भावना म्हणाली. "त्यांना म्हणावं, मी पुन्हा फोन करेन."

फोन बंद करून ती तिथेच झाडाला टेकून बसली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या गणिताला जमीन मिळाली होती, खरीखुरी, चिखलाची. आणि त्या जमिनीवर ती एकटीच होती. देवाजी लांबून बघत होता. काही वेळाने त्याने हाक मारली, "भाची, डबा आनला का? नसन तं माह्याजवळ भाकर हाये." तिने डबा आणला होता. दोघांनी वाटून खाल्लं.

पुढचे सहा रविवार ती जात राहिली. देवाजीला आजूबाजूच्या वीस गावांतली एकेक बोडी ठाऊक होती. कोणती कोणाची, कोणती कधी फुटली, कुठल्या पाळीवर साप निघतो. तो पुढे चालायचा आणि काठीने दाखवायचा, "हे पाह्य, हे ढिवरीनबोडी. हे पाह्य, सात बहिणीची." भावना फोनवर जागा नोंदवायची आणि वहीत नाव लिहायची. बरीच ठिकाणं तर बघून कोणी म्हणालं नसतं की इथे तलाव आहे. पण पाळ होती. गवताखाली, बाभळीखाली पाळ होती.

आठवडाभर वरच्या खोलीत ती नवीन मॉडेल लिहायची. उंचीची माहिती मिळवली, ती साफ केली, प्रबंधाची जुनी वही ट्रंकेतून काढली. काम करता करता ती स्वतःशीच बोलायला लागली होती. एकदा लीलाबाई चहा घेऊन वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"कोनासंग बोलते वं एकटीच?"

"कोनासंग नाही. इचार करून राहिली."

लीलाबाईंनी चहा टेबलावर ठेवला. पडद्यावरच्या ठिपक्यांकडे पाहिलं. "हे का हाये?"

"आपल्या गावाकडच्या बोड्या, आई. हे गोसाव्याची."

"हे?" त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं. "येवढीशी?" मग बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. "भैयाजी असता तं किती खूश झाला असता," एवढं म्हणून पदराने नाक पुसत खाली गेल्या. भावनाला वाटलं होतं त्या आणखी काही विचारतील. तिने उत्तरही तयार ठेवलं होतं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात काम संपलं. जुन्या यादीत नसलेले दोनशे चौदा तलाव निघाले. त्यातले सत्तर तिने स्वतः पायी जाऊन बघितले होते. सहासष्ट खरे. चार मुरमाच्या खाणी निघाल्या. खाणीतही पाणी अडतं, ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने त्या चारही खाणी अहवालात पहिल्या पानावर लिहिल्या.

मीटिंगमध्ये तिला पाच मिनिटं मिळाली. तिने जमिनीवर पाणी चढवण्याची गोष्ट सांगितली, एक चित्र दाखवलं. कोणाच्या तरी माइकमागून भांडी घासल्याचा आवाज येत होता.

"सॉलिड काम आहे, मॅडम," धर्मेंद्र म्हणाला. आणि ते त्याने मनापासून म्हटलं होतं, भावनाला कळलं. "दोनशे चौदा म्हणजे फारच झाले. क्लायंट खूश होईल. याला फार वेळ तर नाही ना लागत चालायला? सर्व्हरवर?"

"नाही. जुन्यापेक्षा कमीच."

"मस्त. मग सोमवारी टाकून देऊ. ओके, पुढचा विषय."

ते कसं झालं, कशामुळे झालं, एकानेही विचारलं नाही. आणि विचारायचं त्यांना कारणही नव्हतं, पुलावरून जाणारा माणूस खांब कुठवर गेलेत ते विचारत नाही. भावनाने माइक बंद केला. दुपारी ती जेवायला खाली आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. परसराम ताट घेऊन वर आले होते, गुडघ्यांमुळे एकेका पायरीवर थांबत. त्यांनी ताट ठेवलं, दुसरी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. ती सहावी-सातवीत असताना, तिची गणितं त्यांच्या हाताबाहेर गेल्यावरही, ते असेच शेजारी बसायचे.

"बाबा, जेवले का?" तिने मोठ्याने विचारलं.

"हं," ते म्हणाले. काय विचारलं ते त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. ती जेवली आणि मगच ते ताट घेऊन खाली गेले.

यादी गेली. फेब्रुवारीत भावना देवाजीला भेटायला गेली. त्याच्या बोडीचा नंबर तिने कागदावर लिहून नेला होता.

"आली यादीत?" त्याने विचारलं.

"आली मामा. हे पाहा. पी, शून्य, आठशे सतरा."

देवाजीने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "नाव नाही लिहलं?"

"नावाची जागाच नाही थ्या यादीत. नंबर असते."

"मंग कोनची बोडी थे कोनाले समजंन?"

घरी येऊन तिने वहीतली सगळी नावं वेगळ्या फाइलमध्ये नंबरांपुढे टाईप केली. ढिवरीनबोडी, सात बहिणीची, गोसाव्याची. फाइल धर्मेंद्रला पाठवली. त्याने उत्तरात अंगठा पाठवला. ती फाइल पुढे कोणी उघडली का, तिला कधी कळलं नाही. बोडीतली बेशरम काढायला कोणी आलं का, तर त्या उन्हाळ्यात तरी नाही.

एप्रिलमध्ये कंपनीने भावनाला गटप्रमुख केलं. धर्मेंद्र दुसऱ्या कामावर गेला. पुण्याला येऊन राहणार का असं तिला विचारलं, तिने दोन दिवस विचार करून नाही म्हटलं. तिथेही खोलीच असणार होती, आणि इथे निदान जिन्याखालून हाक येत होती. तिच्या हाताखाली दोन नवीन माणसं आली. त्यातली एक वर्ध्याची रश्मी, एकोणतीस वर्षांची, मूळ संख्यांवर पीएच.डी. केलेली. पहिल्या दिवशी भावनाने तिला कामाचं सगळं समजावलं. फाइली कुठे असतात, सर्व्हर कसा वापरायचा, मीटिंग किती वाजता. रश्मी भराभर लिहून घेत होती. सगळं संपलं तरी तिने कॉल बंद केला नाही. तिचा चेहरा पडद्यावर तसाच राहिला, मागे पांढरी भिंत.

"काही राहिलं का?" भावनाने विचारलं.

"नाही मॅडम." मग जरा थांबून ती म्हणाली, "एक विचारू? तुम्ही पण गणितातूनच आलात ना. तुम्हाला आठवण येते?"

खाली अंगणात लीलाबाई कोणावर तरी ओरडत होत्या, बहुतेक बकरीवर. भावनाने खिडकी लावून घेतली.

"येते," ती म्हणाली.

"मला वाटलं होतं, कामाला लागलं की कमी होईल."

भावनाला तिला धीर देता आला असता. होईल कमी, असं म्हणता आलं असतं. तिने विचारलं, "तुझा प्रश्न काय होता? प्रबंधातला?"

"आत्ता सांगू? वेळ लागेल."

"लागू दे."

रश्मीने पडद्यावर एक कोरं पान उघडलं आणि लिहायला सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी भावनाच्या ओळखीच्या होत्या. तिसऱ्या ओळीत एक चिन्ह आलं, मग दुसरं. ही गणिताची निराळीच शाखा होती, भावनाचा तिच्याशी कधी संबंध आला नव्हता. रश्मी अर्धं पान लिहून गेली. तिचा आवाज आता मोठा झाला होता, ती भराभर बोलत होती. मग अचानक थांबली.

"मॅडम? ऐकताय ना?"

"ऐकतेय," भावना पडद्याच्या जवळ सरकून म्हणाली. "मला तिसऱ्या ओळीपासून काही कळलं नाही. पुन्हा सांग."

रश्मीने पान पुसलं आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं.